शिक्का कुणाचा, कपाळ कुणाचं

मुंबईच्या राजभवनात १९६२ या एकाच वर्षात दोन नवे राज्यपाल आले. डॉ. पी. सुब्बरायन एप्रिलमध्ये आले आणि ६ ऑक्टोबरला, पदावर असतानाच, मद्रासमध्ये वारले. नोव्हेंबरअखेर त्यांच्या जागी विजयालक्ष्मी पंडित आल्या. पंडितबाई महाराष्ट्राला थोड्याफार आठवतात, सुब्बरायन जवळजवळ नाहीतच. दोघांच्या घरांत मात्र एक गोष्ट समान होती : सत्तेतल्या आप्ताशी जाहीर मतभेद. पंडितबाईंच्या घरात तो पुढं, आणीबाणीच्या आगेमागे, उफाळायचा होता. सुब्बरायन यांच्या घरात तो केव्हाच होऊन गेला होता. आणि तो जिथं झाला त्या मद्रासनं, आजच्या चेन्नईनं, देशभक्त आणि देशद्रोही हे शब्द इतक्या वेळा इकडचे तिकडे झालेले पाहिले आहेत, की त्यांचा व्यवहार कसा चालतो हे समजून घ्यायला दुसरीकडे जायची गरज पडू नये.

ही उजळणी आत्ता करायचं कारण उघड आहे. हे शब्द सध्या फार स्वस्त झाले आहेत. लग्नाच्या पंगतीत, घरगुती व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, गणपतीच्या आरतीनंतरच्या गप्पांत कुणी सहज कुणाला 'अर्बन नक्षल' म्हणून जातं, कुणी उलट 'अंधभक्त' म्हणतं आणि विषय तिथंच संपतो. काका नगरसेवक असतो, पुतणी त्याच्याच पालिकेवरच्या मोर्चात असते. काका मुद्द्याचं उत्तर देत नाही, तिला नाव ठेवतो. घरात हे चालून जातं; फार तर दोन दिवाळ्या अबोला राहतो. हेच नाव सरकारी कागदावर चढलं की काय होतं, याचा हा लेख आहे.

सुब्बरायन हे कुमारमंगलमचे जमीनदार. तेव्हाच्या सेलम जिल्ह्यात, तिरुचेंगोडजवळ त्यांची जमीन होती. ऑक्सफर्डला शिकलेले. १९२६ ते १९३० मद्रास इलाख्याचे फर्स्ट मिनिस्टर, म्हणजे आजच्या भाषेत मुख्यमंत्रीच. तेही कुठल्या पक्षाचे नव्हे, अपक्ष. पुढं काँग्रेसमध्ये आले. १९३७ च्या राजाजी मंत्रिमंडळात कायदा आणि शिक्षण ही खाती, स्वातंत्र्याच्या वर्षी ओमंदूर रामसामी रेड्डियार यांच्या मंत्रिमंडळात गृह आणि पोलीस. मधल्या काळात क्रिकेट बोर्डाचे अध्यक्षही होते. पत्नी राधाबाई मंगळूरच्या सारस्वत, दलितांसाठी शाळा काढणाऱ्या कुद्मुल रंगरावांच्या कन्या. राधाबाई लंडनच्या पहिल्या गोलमेज परिषदेला गेल्या होत्या आणि १९३८ मध्ये केंद्रीय वरिष्ठ सभागृहात निवडून आल्या होत्या.

थोडक्यात, सत्ता ज्या घरात नांदते तसं हे घर. आता मुलं पाहा. थोरले परमशिव लष्करात गेले. मोहन ईटन आणि केंब्रिजला शिकले, केंब्रिज युनियनचे अध्यक्ष झाले आणि १९३९ मध्ये परतले ते कम्युनिस्ट होऊनच. धाकटी पार्वती ऑक्सफर्डहून आली, तीही कम्युनिस्ट.

१९४१ मध्ये मोहन यांना पी. रामामूर्ती, सी. एस. सुब्रमण्यम, आर. उमानाथ यांच्याबरोबर मद्रास कट खटल्यात तुरुंगात जावं लागलं. हे युद्ध साम्राज्यवाद्यांचं आहे, त्यात मदत करू नका, अशी पत्रकं वाटल्याचा आरोप. तेव्हा ते राजद्रोही. वर्षभरात हिटलर सोव्हिएत युनियनवर चालून गेला, पक्षाची भूमिका फिरली, युद्ध 'लोकयुद्ध' झालं आणि १९४२ च्या जुलैत सरकारनं पक्षावरची बंदी उठवली. ऑगस्टमध्ये 'चले जाव' सुरू झालं. कम्युनिस्ट त्यात नव्हते, म्हणून आता ते काँग्रेसच्या लेखी देशद्रोही. इंग्रजांविरुद्ध गेल्याबद्दल एक शिक्का, इंग्रजांच्या बाजूनं गेल्याबद्दल दुसरा. दोन्हींमध्ये अंतर जेमतेम दीड वर्षाचं. त्याच १९४२ च्या उन्हाळ्यात परमशिव लिबियाच्या वाळवंटात रोमेलच्या रणगाड्यांशी लढत होते. बिर हकीमच्या लढाईत त्यांना डीएसओ हे पदक मिळालं आणि ते शत्रूच्या कैदेतही पडले. ऑगस्ट क्रांतीच्या धामधुमीत मद्रासच्या एखाद्या चौकात त्यांना कुणी काय म्हटलं असतं, याचा अंदाज करता येतो : इंग्रजांचा चाकर. हेच परमशिव १९६६ मध्ये भारताचे लष्करप्रमुख झाले. माणूस तोच, तोफखाना तोच, फक्त फौजेवरचं राजचिन्ह बदललेलं.

१९४७-४८ हा खरा कसोटीचा काळ. वडिलांकडे गृह आणि पोलीस खातं, मुलगा आणि मुलगी कम्युनिस्ट पक्षात, आणि त्याच सरकारचे पोलीस सार्वजनिक सुव्यवस्थेच्या कायद्याखाली कम्युनिस्टांची धरपकड करताहेत. कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन १९४७ च्या डिसेंबरपासून मद्रासच्या तुरुंगात. १९४८ च्या सुरुवातीला कलकत्त्याच्या अधिवेशनात बी. टी. रणदिवे पक्षाचे सरचिटणीस झाले आणि हे स्वातंत्र्य खोटं आहे, उठाव करा, अशी दिशा पक्षानं घेतली. शेजारी तेलंगणात बंदुका चालत होत्या. म्हणजे सरकारची भीती निव्वळ कल्पनेतली नव्हती, हे मान्य करून पुढं जावं लागतं. पक्षही शिक्के मारण्यात मागं नव्हता. रणदिव्यांच्या आधीचे सरचिटणीस पूरणचंद जोशी 'सुधारणावादी' ठरले आणि १९४९ मध्ये पक्षाबाहेर गेले. शिक्क्याची चटक सत्ता हाती नसलेल्यांनाही लागते, हे डाव्यांनी आपल्याच माणसांवर सिद्ध करून दाखवलं.

तरी सुब्बरायन यांचं घर फुटलं नाही. मुलं पक्ष सोडून आली नाहीत, वडिलांनी मुलांना वाऱ्यावर सोडलं नाही. पार्वती कृष्णन पुढं कोइमतूरच्या कामगारांच्या खासदार झाल्या. भाऊ लष्करप्रमुख असतानाही त्या कम्युनिस्ट नेत्याच होत्या. अशा कुटुंबाची गोष्ट आपल्याला फार आवडते. एका पंगतीला सेनापती, मंत्री आणि क्रांतिकारक बसतात, वाद घालतात, ताक पिऊन उठतात. लोकशाही असावी तर अशी. महाराष्ट्रातही अशा गोष्टी कौतुकानं सांगितल्या जातात. बारामतीच्या १९६० च्या पोटनिवडणुकीत थोरले बंधू वसंतराव शेतकरी कामगार पक्षाचे उमेदवार आणि तरुण शरद पवार काँग्रेसच्या प्रचारात. पुढं पवारांचे मेहुणे एन. डी. पाटील १९७८ च्या पुलोद मंत्रिमंडळात त्यांचे सहकारी झाले, आणि नंतर एन्रॉनपासून सेझपर्यंत पवारांच्या धोरणांविरुद्ध रस्त्यावरही उतरले. नातं शाबूत राहिलं. चांगली गोष्ट आहे, सांगावी.

पण या गोष्टीत एक माणूस नेहमी गैरहजर असतो. ज्याचा कुणी आप्त सत्तेत नाही, तो.

११ फेब्रुवारी १९५० रोजी सेलमच्या मध्यवर्ती तुरुंगात पोलिसांनी कम्युनिस्ट कैद्यांवर गोळीबार केला. २२ कैदी मेले. प्रजासत्ताक होऊन सोळा दिवस झाले होते. सेलम म्हणजे सुब्बरायन यांचाच जिल्हा. ते स्वतः तेव्हा मंत्री नव्हते, इंडोनेशियात राजदूत होते, त्यामुळं हा डाग त्यांच्या अंगावर टाकता येत नाही. मुद्दा वेगळा आहे. मेलेल्यांवरचा शिक्का आणि मोहन-पार्वतीवरचा शिक्का शब्दशः एकच होता : कम्युनिस्ट. ईटनला शिकलेल्या कम्युनिस्टासाठी त्याचा अर्थ तुरुंगवास, पुस्तकं आणि पुढं वकिली. शेतावरून उचलून आणलेल्या कम्युनिस्टासाठी त्याचा अर्थ काय होता, ते सेलमनं दाखवलं. मोठ्या घरात मतभेद पचतो तो त्या घराच्या संस्कारांमुळं जितका, तितकाच त्या घराच्या वजनामुळं. म्हणून एखाद्या नेत्यानं आपल्या बंडखोर मुलाला, पुतण्याला, मेहुण्याला सांभाळून घेतलं, हा त्याच्या सहिष्णुतेचा पुरावा म्हणून मी तरी धरणार नाही. पुरावा बघायचा तर त्याच्या पोलिसांनी मुलाच्या अनोळखी सोबत्यांचं काय केलं, तो बघावा.

आता कागद पाहू. १० मार्च १९५० रोजी मद्रास सरकारनं राजपत्रात एक अधिसूचना काढली. पीपल्स एज्युकेशन सोसायटी नावाची नोंदणीकृत संस्था बेकायदा घोषित. संस्थेचे सरचिटणीस व्ही. जी. राव हे मद्रासचे बॅरिस्टर, डाव्या वर्तुळातले. ('राव अँड रेड्डी' ही त्यांची वकिली कचेरी पुढं बरीच वर्षं कामगार आणि आरोपींचे खटले लढवत राहिली; 'जय भीम' चित्रपटामुळं मराठी प्रेक्षकांना ठाऊक झालेले न्यायमूर्ती चंद्रू तिथंच घडले.) अधिसूचनेसाठी वापरलेला कायदा होता १९०८ चा क्रिमिनल लॉ अमेंडमेंट अ‍ॅक्ट. वर्ष लक्षात घ्या. टिळकांना मंडालेला आणि तिरुनेलवेलीच्या चिदंबरम पिळ्ळैंना कोलूला जुंपायला धाडलं ते वर्ष. बंगालमधल्या गुप्त समित्या मोडायला इंग्रजांनी केलेला कायदा स्वतंत्र मद्रासनं झटकून, ठिगळ लावून वापरात आणला होता.

या ठिगळाची रचना बघण्यासारखी आहे. संस्था धोकादायक आहे असं सरकारला 'वाटलं' की पुरे. कोर्टात ते सिद्ध करायची गरज नाही. कागदपत्रं एका सल्लागार मंडळापुढं जातील. मंडळ ती बंद दाराआड पाहील. संस्थेच्या माणसांना हातात नोटीस द्यायची नाही, राजपत्रात छापलं म्हणजे सगळ्यांना कळलं असं धरायचं. आणि एकदा घोषणा झाली की नुसतं सभासद असणं हा गुन्हा. राजपत्र वाचणारी माणसं तुमच्या ओळखीत किती आहेत, मोजून पाहा.

राव कोर्टात गेले. मद्रास उच्च न्यायालयानं दुरुस्ती रद्द केली, सरकार दिल्लीला गेलं, आणि ३१ मार्च १९५२ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी एकमतानं मद्रास सरकारचं अपील फेटाळलं. निकाल लिहिला सरन्यायाधीश पतंजली शास्त्री यांनी, स्वतः मद्रास बारचे. संघटना करण्याचा हक्क इतका मोलाचा आहे, की सरकारच्या नुसत्या समाधानावर तो काढून घेता येणार नाही. सल्लागार मंडळ हा न्यायालयाला पर्याय होऊ शकत नाही, असा त्याचा मथितार्थ. त्याआधी दोन वर्षं, २६ मे १९५० रोजी, शास्त्रींनीच रोमेश थापर यांच्या खटल्यात निकाल दिला होता. थापर यांचं 'क्रॉस रोड्स' साप्ताहिक मुंबईहून निघत असे. मद्रास सरकारनं त्याला आपल्या हद्दीत बंदी घातली. ती रद्द झाली. यावर केंद्र सरकारचं उत्तर काय, तर १९५१ च्या जूनमध्ये पहिली घटनादुरुस्ती आणि अभिव्यक्तीवरच्या निर्बंधांच्या यादीत 'सार्वजनिक सुव्यवस्था' हे दोन शब्द. 'वाजवी' हा शब्दही त्याच वेळी आला, हे सांगायला हवं. त्याच्याच आधारानं पुढची न्यायालयं लढली.

हे सगळं करणारे लोक कोण होते? इंग्रजांच्या तुरुंगात वर्षं काढलेले. त्यांच्याबद्दल बोलताना जीभ अडखळते, आणि अडखळावीच. पण नेमकं हेच या विषयातलं कोडं आहे. ज्याच्या कपाळावर कालपर्यंत शिक्का होता, त्याला आज तो उचलताना हात जड का वाटत नाही?

राजाजींचं आयुष्य या कोड्यावरचं एक लांबलचक भाष्य आहे. ते आणि गांधी व्याही. देवदास आणि लक्ष्मी यांचं लग्न १९३३ च्या जूनमध्ये पुण्यात, येरवड्याच्या पर्णकुटीत झालं. गांधींकडं पद नव्हतं, पण काँग्रेसमध्ये सत्ता कुणाची हे विचारायची गरज नव्हती. १९४२ च्या एप्रिलमध्ये राजाजींनी मद्रासच्या काँग्रेस आमदारांकडून ठराव करून घेतला : मुस्लिम लीगची वेगळेपणाची मागणी तत्त्वतः मान्य करा आणि राष्ट्रीय सरकारसाठी एकत्र या. अखिल भारतीय काँग्रेस समितीनं तो प्रचंड बहुमतानं फेटाळला. राजाजींनी जुलैमध्ये काँग्रेस सोडली. 'चले जाव'लाही त्यांचा विरोध. देश पेटलेला असताना व्याह्यांच्या विरोधात उभा राहिलेला हा माणूस लोकांच्या लेखी काय झाला असेल ते सांगायला नको.

गांधींनी मात्र शिक्का मारला नाही. १९४३ च्या उपोषणात, आगाखान पॅलेसमध्ये, पर्णकुटीपासून जवळच, राजाजींनी आपलं सूत्र त्यांच्यापुढं ठेवलं आणि गांधींनी ते मान्य केलं. १९४४ च्या सप्टेंबरमध्ये गांधी मलबार हिलला जिनांच्या बंगल्यावर बोलणी करायला गेले, ते याच सूत्राच्या आधारावर. बोलणी फसली. सूत्र बरोबर होतं की चूक, यावर आजही भांडता येईल. पण दोन वर्षांपूर्वी ज्याला घरभेदी ठरवलं त्याचाच कागद खिशात घेऊन जावं लागलं, आणि चार वर्षांत तो घरभेदी स्वतंत्र भारताचा गव्हर्नर जनरल झाला. गांधींनी त्याला १९४२ मध्ये कायमचा मोडीत काढला असता, तर १९४४ मध्ये खिशात ठेवायला कागदच नसता.

इथंच थांबलो तर राजाजींची आरती होईल. १९३८ मध्ये ते मद्रासचे प्रीमियर असताना त्यांनी शाळांत हिंदी सक्तीची केली. विरोधात निदर्शनं झाली, तेव्हा निदर्शकांवर लावला क्रिमिनल लॉ अमेंडमेंट अ‍ॅक्ट, १९०८ चा नव्हे, त्याच नावाचा नंतरचा; इंग्रजांनी काँग्रेसच्या पिकेटिंगविरुद्ध आणलेला आणि काँग्रेसनं जन्मभर शिव्या घातलेला. हजारावर लोक आत गेले, पेरियारही. शिक्षणमंत्री होते सुब्बरायन. नटराजन आणि तालमुत्तू हे दोन साधे निदर्शक १९३९ मध्ये कैदेत असताना वारले. आज एग्मोरला चेन्नईच्या महानगर विकास प्राधिकरणाची जी इमारत आहे, तिला या दोघांचं नाव आहे. ती ज्या रस्त्यावर आहे त्याचं नाव गांधी-आयर्विन रोड. नगररचनेचा नकाशा मंजूर करून घ्यायला आलेले बिल्डर आणि त्यांचे एजंट त्या पाटीखालून रोज आत-बाहेर करतात.

१९५२ मध्ये पुन्हा मुख्यमंत्री झाल्यावर राजाजींनी विधानसभेत उघड सांगितलं, की कम्युनिस्ट हे आपले पहिले शत्रू. १९६७ मध्ये त्यांचा स्वतंत्र पक्ष द्रमुकच्या आघाडीत होता. त्याच आघाडीत मार्क्सवादी कम्युनिस्टही होते. आणि द्रमुक म्हणजे कोण? १९६३ पर्यंत वेगळा द्रविडनाडू मागणारा पक्ष. अण्णादुरैंनी राज्यसभेत १९६२ च्या मे महिन्यात ती मागणी मांडली, चीनचं आक्रमण झाल्यावर सरकारला पाठिंबा दिला, सोळाव्या घटनादुरुस्तीनंतर मागणी सोडली आणि पाच वर्षांत ते मुख्यमंत्री झाले. मागणी सोडल्यावरही १९६५ च्या हिंदीविरोधी आंदोलनात करुणानिधींना 'भारत संरक्षण नियमां'खाली पाळयंकोट्टैच्या तुरुंगात टाकण्यात आलं. चीनशी लढायला केलेले नियम.

मग हे द्रमुकवाले शिकले का? २००९ मध्ये तमिळ नेते वैको यांनी चेन्नईत श्रीलंकेतल्या तमिळांविषयी भाषण केलं, तेव्हा त्यांच्यावर १२४ अ, म्हणजे टिळकांवर लावलेलंच राजद्रोहाचं कलम, लावणारं सरकार करुणानिधींचं होतं. खटला दहा वर्षं चालला. ५ जुलै २०१९ रोजी चेन्नईच्या विशेष न्यायालयानं वैकोंना एक वर्षाची शिक्षा सुनावली. त्याच महिन्यात ते राज्यसभेवर निवडून गेले, द्रमुकच्या पाठिंब्यावर. मधल्या काळात, २०१५ मध्ये, दारूच्या सरकारी दुकानांवर गाणी करणारा लोकगायक कोवन याच कलमाखाली उचलला गेला. तेव्हा सरकार जयललितांचं. पक्ष बदलले, कलम बदललं नाही. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं १२४ अ स्थगित ठेवलं, आणि जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम १५२ आलं. त्यात राजद्रोह हा शब्द गेला आहे, सार्वभौमत्व आणि एकात्मता धोक्यात आणण्याची संदिग्ध कक्षा मात्र आहे.

मोहन कुमारमंगलम यांच्याकडं परत जातो, कारण मला त्यांचीच गोष्ट सर्वांत जास्त टोचते. कट खटल्यातला हा आरोपी १९६६ मध्ये मद्रास राज्याचा अ‍ॅडव्होकेट जनरल झाला. म्हणजे ज्या खुर्चीतल्या वकिलानं राव यांच्या संस्थेवरची बंदी कोर्टात राखायची धडपड केली, तीच खुर्ची. नंतर ते काँग्रेसमध्ये गेले, १९७१ मध्ये पुदुच्चेरीहून खासदार आणि इंदिरा गांधींचे पोलाद व खाणमंत्री झाले. २४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारती खटल्याचा निकाल लागला. दुसऱ्याच दिवशी शेलाट, हेगडे, ग्रोव्हर या तीन ज्येष्ठ न्यायाधीशांना डावलून अजितनाथ रे सरन्यायाधीश होणार असं जाहीर झालं. लोकसभेत सरकारची बाजू हिरिरीनं लढवली ती कायदामंत्री ह. रा. गोखले यांच्यापेक्षाही पोलादमंत्र्यांनी. न्यायाधीशाचं समाजविषयक तत्त्वज्ञान सरकारनं लक्षात घेतलंच पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद. 'पुरोगामी' आणि 'प्रतिगामी' हे शिक्के आता न्यायाधीशांवर. शेतकऱ्यांच्या, कामगारांच्या भल्यासाठी हे करतो आहोत, अशी त्यांची प्रामाणिक समजूत असावी. ते लबाड नव्हते. पण त्यांच्या सोबत्यांना १९५० आणि १९५२ मध्ये वाचवलं होतं ते सरकारशी बांधिलकी नसलेल्या न्यायाधीशांनी. पतंजली शास्त्री काही कम्युनिस्टांचे मित्र नव्हते, आणि म्हणूनच त्यांच्या निकालाला वजन होतं.

३१ मे १९७३ ला दिल्लीत पालमजवळ विमान कोसळून मोहन गेले. पुढचं त्यांनी पाहिलं नाही. १९७६ च्या एप्रिलमध्ये जबलपूर खटल्यात रे यांच्या अध्यक्षतेखालच्या खंडपीठानं आणीबाणीत अटकेविरुद्ध दाद मागायची वाट बंद केली. न्यायमूर्ती खन्नांचा एकट्याचा विरोध. येरवड्याच्या आणि नाशिकरोडच्या तुरुंगांत तेव्हा संघाचे, समाजवादी, सगळेच होते. मोहन यांचे पुत्र रंगराजन काँग्रेसचे खासदार, मग भाजपचे मंत्री झाले. कन्या ललिता भाजपच्या. नातू मोहन काँग्रेसचा. चार पिढ्यांत अपक्ष, काँग्रेस, कम्युनिस्ट, भाजप, सगळे रंग झाले. या घरातल्या कुणालाही देशद्रोही म्हणणारा माणूस आज वेडा ठरेल. त्यांच्यापैकी जवळजवळ प्रत्येकाला कधी ना कधी कुणीतरी तसं म्हटलं असणार, हेही तितकंच खरं.

विजयालक्ष्मी पंडितांच्या घराची बाजू थोडक्यात. त्यांचे पती रणजित पंडित मूळचे कोकणातल्या बांबुळीचे, 'राजतरंगिणी'चे अनुवादक. कन्या नयनतारा सहगल. मामेबहीण इंदिरा गांधी पंतप्रधान असताना त्यांनी तिच्या एकाधिकाराविरुद्ध सातत्यानं लिहिलं. १९७७ मध्ये आईही भाचीविरुद्ध प्रचाराला उतरली. त्याची किंमत मोजली. आणि २०१९ च्या जानेवारीत, वयाच्या ९१ व्या वर्षी, यवतमाळच्या साहित्य संमेलनाच्या उद्घाटनाचं नयनतारांना दिलेलं आमंत्रण आयोजकांनी मागं घेतलं. आपण. मराठी साहित्यिकांच्या मांडवानं. त्या काय बोलणार होत्या, हे त्यांच्या भाषणाच्या मजकुरातून लोकांना नंतर वाचायला मिळालंच.

महाराष्ट्राच्या दोन्ही सभागृहांनी जुलै २०२५ मध्ये विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केलं. रोख 'कडव्या डाव्या' आणि तशा संघटनांवर. संघटना बेकायदा घोषित करण्याचा अधिकार सरकारला, त्यावर सल्लागार मंडळ, आणि घोषणेनंतर सभासदत्व हाच गुन्हा. मद्रासच्या १९५० च्या ठिगळाशी तुलना केली तर फरक आहेत आणि ते प्रामाणिकपणे सांगायला हवेत : संघटनेला बाजू मांडायची संधी आहे, कारणं देण्याची तरतूद आहे, गडचिरोलीतली हिंसा खरी आहे. विधेयकावर हजारो हरकती आल्या, संयुक्त समितीनं काही शब्द बदलले. तरीही 'बेकायदा कृत्य' या व्याख्येत सुव्यवस्थेला बाधा आणण्याकडं कल असलेलं बोलणं-लिहिणंही बसू शकतं, आणि प्रस्थापित कायद्याची अवज्ञा करायला सांगणंही. मिठाचा सत्याग्रह या व्याख्येतून सुटत नाही. आज हे हत्यार डाव्यांसाठी घडवलं आहे असं मानून जे निर्धास्त आहेत, त्यांनी एवढंच आठवावं, की मद्रासमध्ये हत्यार घडवणारे आणि त्याखाली आलेले यांच्या याद्या पंचवीस वर्षांत एकमेकींत पूर्ण मिसळून गेल्या. गृहखात्याचा मंत्री बदलायला एक निवडणूक पुरते.

सुब्बरायन यांच्या नावावर आणखी एक नोंद आहे, आणि तिचा संबंध पुन्हा महाराष्ट्राशी आहे. १९५५ मध्ये केंद्रानं राजभाषा आयोग नेमला. अध्यक्ष मुंबईचे माजी मुख्यमंत्री बाळासाहेब खेर. १९५६ मध्ये आयोगानं हिंदीच्या बाजूनं अहवाल दिला, तेव्हा दोन सदस्यांनी सही करताना आपलं भिन्नमताचं टिपण जोडलं : बंगालचे भाषाशास्त्रज्ञ सुनीतिकुमार चॅटर्जी आणि मद्रासचे सुब्बरायन. हिंदीची घाई अहिंदी प्रदेशांवर अन्याय करील, असं त्यांनी लिहिलं. १९३८ च्या सक्तीच्या सरकारातला शिक्षणमंत्री अठरा वर्षांनी निदर्शकांचंच म्हणणं वेगळ्या शब्दांत मांडत होता. ते सरकारी खर्चानं, त्याच अहवालाच्या पाठीला बांधून छापलं गेलं, आणि कुणी त्यांना फुटीर म्हटलं नाही. तीन वर्षांत ते केंद्रीय मंत्रीही झाले. १९६५ च्या जानेवारीत मदुरै, मद्रास, चिदंबरमच्या विद्यार्थ्यांनी तेच रस्त्यावर येऊन म्हटलं. लाठ्या, गोळीबार, अटका. मृतांचा सरकारी अंदाजच सत्तरच्या आसपास. लालबहादूर शास्त्री मंत्रिमंडळातल्या सी. सुब्रमण्यम आणि ओ. व्ही. अळगेशन यांनी राजीनामे पुढं केले, तेव्हा कुठं दिल्ली हलली. १९६७ च्या डिसेंबरमध्ये संसदेनं राजभाषा कायद्यात दुरुस्ती करून इंग्रजीचा वापर बेमुदत चालू ठेवला, म्हणजे अकरा वर्षांपूर्वी त्या जोडपत्रात जे लिहिलं होतं, जवळपास तेच केलं.